साळिंदरांनी केलेली पट्टी

फार जुनी गोष्ट. एका डोंगरावर सुगी संपली की प्रत्येक प्राणी आपल्या साठ्यातला थोडा वाटा वडाच्या ढोलीत आणून टाकी. त्या वर्षी बऱ्याच जणांनी तो टाकला नाही, झिपरी खारीनेही नाही.

"हिला डोंगराबाहेर काढा!" कोल्हा ओरडला. पण ढोली सांभाळणारी म्हातारी कासवीण तिच्या झाडाखाली आली आणि म्हणाली, "का गं, काय झालं?"

झिपरीचे डोळे भरून आले. "आजी, दिवसभर पळून मी चार बिया गोळा करते. ढोलीत टाकल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हे कधी कुणी सांगितलंय?"

कासवीण म्हणाली, "चुकलंच आमचं. चल, दाखवते."

जंगलाच्या कडेला दोन साळिंदरं वाळलेलं गवत उपटून मातीची रुंद पट्टी मोकळी करत होती.

"गेल्या साली वणवा या पट्टीवरच अडला," कासवीण म्हणाली. "ही इथे राबतात, मग खायला कधी शोधणार? ढोलीतलं यांच्यासाठी असतं."

झिपरीला आजवर वाटत होतं, वारा फिरला म्हणून आपली पिल्लं वाचली. आता पट्टी तिच्याच झाडाजवळ अर्धवट राहिली होती.

"एवढी मोठी पट्टी, आणि दोघंच?" झिपरीने विचारलं.

"ढोली अर्धीच भरली. बाकीची पोटासाठी निघून गेली."

झिपरीने घरी जाऊन आपला वाटा ढोलीत नेऊन टाकला. मग ती शेजारच्या सशाकडे गेली. त्यानेही काही दिलं नव्हतं. तिला पाहताच त्याने तोंड फिरवलं.

"मागायला नाही आले," झिपरी म्हणाली. "माझ्याबरोबर जरा कडेपर्यंत चल."