मखमलला कोण नेणार?

बकुळाच्या ताटात त्या दिवशी अर्धीच भाकरी होती. पाण्याचे घोट घेत घेत तिने ती पुरवून खाल्ली. आई-बाबा गेल्यापासून ती चंपाआत्याकडे राहत होती. आत्या रोपवाटिकेत दिवसभर रोपांना पाणी घालायची, चिखलाने भरलेल्या पायांनी घरी यायची आणि भिंतीला टेकून तशीच डोळे मिटायची. नऊ वर्षांच्या बकुळाला कळत होतं, की या घरात आणखी काही मागायचं नसतं.

म्हणून तिने आत्याला त्या चौघांबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

गावाच्या टोकाला एक विसरलेली बाग होती. गुलाबी बोगनवेल, पिवळाधमक बहावा, गवतात लपलेली इवली इवली निळी फुलं आणि मधोमध एक कोरडं कारंजं. त्या कारंज्यापाशी कुणीतरी एक पिंजरा सोडून गेलं होतं. पिंजऱ्यात होते चार फेरेट. मुंगसासारखे लांबुळके, कापसासारखे मऊ, टपोऱ्या डोळ्यांचे आणि माणसांत वाढलेले. टेकडीवरच्या बंगल्यातल्या मुलांनी ते हौसेने आणले होते. हौस फिटली आणि फेरेट बागेत आले.

लोणी सायीसारखी पांढरी होती. काजळच्या डोळ्यांभोवती काळी पट्टी होती. टिकली सगळ्यांत चिमुकली, बकुळाच्या ओंजळीत मावणारी. आणि मखमल म्हातारा. त्याला दिसत नव्हतं, आणि त्याच्या शेपटीचे केस झडले होते.

भाकरी दिली की त्यांची पोटं बिघडायची. त्यांना मांस लागायचं, अंडं लागायचं. बकुळा रोज खाटकाच्या दुकानापुढचं अंगण झाडायची आणि बदल्यात उरलेसुरले तुकडे आणायची. फेरेट दिवसभर झोपायचे. जागे झाले की 'डुक डुक डुक' करत आडव्या उड्या मारायचे, तिच्या केसांतली पिन पळवायचे आणि गवतात दडवून ठेवायचे. तेवढा वेळ बकुळा हसायची. दिवसातून तेवढाच वेळ.

पण वैशाखातलं ऊन फेरेटांना सोसत नाही. गुरुवारी दुपारी बकुळा ओलं फडकं घेऊन धावत आली, तेव्हा टिकली निपचित पडली होती. बकुळाने फुंकर घातली, पाणी शिंपडलं, हाका मारल्या. टिकलीने डोळे उघडले नाहीत.

बहाव्याखाली छोटासा खड्डा करून बकुळाने तिला पिवळ्या पाकळ्यांत ठेवलं. मग ती कारंज्याच्या काठावर बसून इतकी रडली, की तिला हुंदकाही येईना.

तेव्हा कोरड्या कारंज्यातून प्रकाशाचे तुषार उडाले. रुपेरी, मोरपंखी, केशरी! त्या तुषारांतून एक परी उतरली. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत होते आणि झग्यावर दवबिंदूंची झालर होती. पण चेहरा थकलेला होता.

"बकुळा, मी या बागेची परी," ती हळूच म्हणाली. "मी तुला तीन इच्छा देते."

"टिकलीला परत आण!" बकुळा ताडकन उठली.

परीने मान खाली घातली. "गेलेल्याला परत आणणं मला येत नाही गं, सोनुले. आणखी तीन नियम आहेत. स्वतःसाठी काही मागायचं नाही. कुणाचं मन बदलायला सांगायचं नाही, कारण मनापर्यंत माझी कांडी पोहोचतच नाही. आणि माझी जादू फक्त या बागेच्या कुंपणाच्या आत चालते."

बकुळाने डोळे पुसले. "मग यांना गारवा दे."

परीने कांडी फिरवली. कारंज्याखाली शेवाळाची एक हिरवीगार, थंडगार गुहा तयार झाली. तिघेही धडपडत आत शिरले.

"आणि यांना पोटभर खायला दे."

केळीच्या पानावर मांसाचे लुसलुशीत तुकडे आले. मखमल वास घेत घेत पानापर्यंत पोहोचला आणि पहिल्यांदाच पोटभर जेवला.

"तिसरी इच्छा राहू दे," बकुळा म्हणाली. "नंतर मागेन."

"फार उशीर करू नकोस," परी म्हणाली. "रविवारी ही बाग तोडायला माणसं येणार आहेत. बाग गेली की मीही जाईन."

गारवा कुंपणाच्या आतला, जेवण कुंपणाच्या आतलं, आणि कुंपणच राहणार नव्हतं! त्या संध्याकाळी तिने आत्याला सगळं सांगून टाकलं.

आत्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच म्हणाली, "बाळा, तुझंच पोट मला भरता येत नाही. त्यांना कुठून घालू?"

शुक्रवारी आणि शनिवारी बकुळा दारोदार फिरली. लोणी आणि काजळ टोपलीत असायचे.

"किती गोड!" एका घरातली बाई म्हणाली. "चावत नाहीत ना?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. पण बकुळाला बागेत टाकून दिलेला पिंजरा आठवला. "घाबरले की चावतात. त्यांना वासही येतो. वस्तू पळवतात. रोज मांस लागतं, आणि उन्हाळ्यात फार जपावं लागतं."

दार बंद झालं. दुसरंही बंद झालं. तिसऱ्या घरातल्या मुलीने हात पुढे केला होता, तिला आईने आत ओढलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत बकुळाने जवळजवळ सगळी गल्ली संपवली होती. तिच्या पायाला फोड आले होते. खरं बोलून मी यांना मारतेय, असं तिला वाटलं. रडायलाही अंगात जोर नव्हता.

रविवारी सकाळी एकच दार उरलं होतं. ते बाबालालचाचांचं. चाचा शिंपी होते. त्यांचं दुकान जाड दगडी भिंतींचं होतं आणि आत माठासारखं गार होतं. बकुळाने सगळे दोष एका दमात सांगितले आणि निघण्यासाठी टोपली उचलली.

"थांब पोरी," चाचा चष्म्यावरून बघत म्हणाले. "बटणंसुद्धा पळवतात?"

"हो. आधी बटणंच."

"आणि दिवसभर झोपतात?"

"हो. पण उठले की नाचतात."

चाचांनी लोणीच्या पाठीवरून बोट फिरवलं. "सगळं आधी सांगितलंस म्हणून नेतो. उद्या मला नवल वाटणार नाही. ही दोघं एकमेकांची आहेत ना? मग दोघांनाही ठेव इथं."

"आणि चाचा, एक म्हातारा आहे..."

चाचांनी मान हलवली. "तिसरं मला झेपायचं नाही गं."

लोणीने टोपलीतून मान काढून बकुळाचं बोट चाटलं. मग काजळच्या मागोमाग कापडाच्या ढिगात शिरली. तिने वळून पाहिलं नाही. बकुळा मात्र पुन्हा पुन्हा वळून पाहत रस्त्यावर आली.

बागेत कुऱ्हाडी आल्या होत्या. बोगनवेल तुटून मातीत पडली होती. मखमल कारंज्याखाली एकटाच थरथरत होता. परी आता एवढी फिकट झाली होती, की तिच्यातून पलीकडचा बहावा दिसत होता.

"बकुळे!" फाटकातून चंपाआत्याची हाक आली. रोपवाटिकेतून ती तशीच धावत आली होती. "ये बाहेर! झाड पडेल अंगावर!"

बकुळाने मखमलला छातीशी धरलं. त्याला मी घरी नेते, असं म्हणावंसं वाटत होतं. पण ते स्वतःसाठी मागणं झालं असतं. आत्याला 'हो' म्हणायला लाव, असंही म्हणता येत नव्हतं.

"परी," ती कशीबशी म्हणाली, "मखमलला जिथं राहावंसं वाटतं, तिथं त्याला पोहोचू दे. माझ्याजवळ नसलं तरी चालेल."

"त्याला खाली ठेव," परी म्हणाली.

बकुळाने त्याला मातीवर ठेवलं. मखमलच्या पायांपुढे प्रकाशाची एक बारीकशी वाट चमकू लागली. त्याने नाक उचललं. आंधळा, म्हातारा मखमल थांबत थांबत निघाला. बकुळाने हात पसरले होते. तो तिच्या हातांजवळून पुढे गेला. पाचोळ्यातून, तुटलेल्या फांद्यांखालून तो फाटकापर्यंत गेला. चंपाआत्याच्या ओल्या, चिखलाने भरलेल्या, गार पावलांवर त्याने अंगाचं वेटोळं केलं. एक उसासा सोडला आणि तो झोपी गेला.

आत्या जागच्या जागी खिळली.

"आत्या, हलू नकोस," बकुळा कुजबुजली.

"कशी हलू?" आत्याही कुजबुजली. "झोपलंय ना ते." मग तिने पदर धरून त्याच्यावर सावली केली. "किती हलकं आहे गं. पिसासारखं."

"ही जादू आहे का?" बकुळाने वळून विचारलं.

"वाट मी दाखवली," परी म्हणाली. "पण तुझ्या आत्याच्या मनाला मी हात लावलेला नाही."

परी हसली. तिचे पंख, झालर, चेहरा, सगळं सोनेरी कणांचं झालं. कण बहाव्याच्या उंचीपर्यंत उडाले, क्षणभर साऱ्या बागेवर लखलखले आणि मग तिथे नुसतं ऊन उरलं.

आत्याने वाकून मखमलला पदरात उचललं.

"हा जास्त दिवसांचा सोबती नाही, बकुळे," ती म्हणाली. "माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग चल लवकर. ऊन वाढायच्या आत घरी नेऊ त्याला."