पंचावन्नवरची टिकली

"शिवदासची बायको दारात आली आणि चांगल्या ट्रेलरचा काटा खोटं बोलायला लागला. पायगुण, दुसरं काय!"

हे गुलाबराव शेठ बोलले ते इलाही मिस्त्रीच्या कानात. पण शेठचं कानातलं बोलणंही पत्र्यापलीकडे जायचं. आणि पत्र्यापलीकडे, ड्रायव्हरच्या खोलीत, सुगंधा तांदूळ निवडत बसली होती.

"हळू, शेठ! ऐकंल ती."

"ऐकू दे! बोलायची थोडीच आहे? लग्नाला महिना झाला, यार्डातल्या कुत्र्यानंसुद्धा तिचा आवाज ऐकला नाही. लिलावातून ट्रेलरला एवढे दांडगे टायर आणले मी, तेही पडत्या भावात. नवी नवरी म्हणून हळदकुंकू तिच्याच हातून लावलं. तेव्हापासून ही साडेसाती!"

सुगंधाने तांदळातला एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला.

भानगड अशी होती. शेठच्या त्या जुन्या ट्रेलरवर शिवदास ड्रायव्हर. रस्त्यावर मर्यादा साठची. शिवदास काटा साठवर ठेवायचा, केसभर पुढे नाही. आणि नाक्यावरचा पोलीस यंत्र रोखून म्हणायचा, पासष्ट! महिन्यात दोनदा दंड झाला. मिस्त्रीने मीटर बदलला, केबल बदलली, पुन्हा मीटर बदलला. नवा मीटर जुन्याचीच री ओढायचा.

"गाडीत साठ आणि पोलिसापुढे पासष्ट!" पत्र्यापलीकडे शेठ गरजले. "हा मीटर आहे की स्थळ घेऊन येणारा मध्यस्थ? ते काही नाही. उद्या दुपारी बारापर्यंत काटा खरं बोलला पाहिजे. मीटर खोलायचा नाही, नवं काही विकत आणायचं नाही. नाही जमलं, तर शिवदासनं किल्ली खुंटीला लावावी आणि दुसरीकडे नोकरी बघावी!"

"न खोलता? अहो, मी मिस्त्री आहे, मांत्रिक नाही!"

"मग मांत्रिक हो!"

शिवदास जेवायला बसला खरा, पण भाकरी मोडायच्या आधीच बोलायला लागला.

"देवाशपथ सांगतो, साठच्या पुढं नेली नाही गं कधी."

"ठाऊक आहे," सुगंधा हळूच म्हणाली. "जेवा आधी. उद्या सकाळी मला गाडीत बसवा. आणि तुमचं घड्याळ द्या."

"घड्याळ? वेळ बघून काय करणार तू?"

"वेळच बघणार."

सकाळी रिकामा ट्रेलर मोकळ्या रस्त्याला लागला. काटा साठवर. सुगंधा एक डोळा घड्याळावर आणि एक डोळा बाहेरच्या किलोमीटरच्या दगडांवर ठेवून बसली.

"साठ म्हणजे मिनिटाला एक दगड. बरोबर?"

"बरोबर."

"मग बारा दगडांना बारा मिनिटं हवीत. अकराच झाली!"

"एखादा दगड जास्त मोजला असशील."

"परत फिरवा."

परत येतानाही बारा दगड, अकरा मिनिटं! सुगंधाने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "आता काटा पंचावन्नवर धरा. जरासुद्धा हलू द्यायचा नाही." आणि या खेपेला बारावा दगड बाराव्या मिनिटाला बरोब्बर खिडकीत हजर! सुगंधा गालात हसली आणि तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं.

बाराच्या ठोक्याला शेठ केबिनमध्ये चढले. बघतात तर मीटरच्या काचेवर, पंचावन्नच्या खुणेशी, एक लालभडक टिकली!

"हे काय? मीटरचं लग्न लावलंत का?"

"काटा टिकलीवर आला की गाडी साठवर, शेठ," शिवदास म्हणाला. "मीटर खोलला नाही, काही विकत आणलं नाही. दगड तुम्हीच मोजा!"

शेठनी मोजले. एकदा जाताना मोजले, विश्वास बसेना म्हणून येतानाही मोजले. दोन्ही वेळा बारा दगड, बारा मिनिटं!

"जमलं की रे!" यार्डात उतरता उतरता ते म्हणाले. "पण इलाही, मुळात बिघडलं होतं काय?"

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "काय सांगू शेठ, तुम्ही म्हणालात तसं पायगु..." आणि त्याने जीभ चावली.

सुगंधा खोलीत गेली आणि रांगोळीचा डबा घेऊन आली. तिच्या दाराशी ट्रेलरचं जादा चाक, स्टेपनी, टेकवलेलं असायचं. जुन्या टायरांपैकी तेवढं एकच उरलेलं. रोज त्यावर ती ओलं फडकं वाळत घाली. त्याची उंची तिला पाठ होती. आणि शेठच्या टायरांना कुंकू लावताना हात थोडा जास्तच वर न्यावा लागला होता, हेही ती विसरली नव्हती.

तिने जमिनीवर रांगोळीची रेघ ओढली. तिथून मिस्त्रीने स्टेपनी ढकलली, नेमका एक फेरा. चाक थांबलं तिथे दुसरी रेघ. मग त्याच पहिल्या रेघेपासून शिवदासने ट्रेलर पुढे घेतला, चाकाचा नेमका एक फेरा. ट्रेलर दुसऱ्या रेघेच्याही पुढे गेला. किती? वीतभर आणि वर चार बोटं!

"या अल्ला!" मिस्त्री ओरडला. "मीटर बिचारा चाकाचे फेरे मोजतो! एका फेऱ्यात गाडी कुठवर पोचली, ते त्याला काय माहीत? चाकं मोठी आणि हिशेब जुना! मीटर तीनही चांगले होते, शेठ! तुमच्या टायरांना नाव कोण ठेवणार, म्हणून मी तिकडं बघितलंच नाही!"

शेठनी टायरांकडे पाहिलं, रांगोळीकडे पाहिलं, आणि असे हसत सुटले की टोपी हातात घ्यावी लागली.

"हरलो, सूनबाई! ट्रेलरची किल्ली शिवदासचीच. आणि तुला दिवाळीला पैठणी! आणखी काय हवं? आता तरी बोल!"

सुगंधाने पदर सावरला आणि पहिल्यांदाच, यार्डातल्या कुत्र्यानंही कान टवकारावेत अशा आवाजात ती म्हणाली,

"शेठ, त्या आठवड्यात तुमच्या दारात दोन नव्या गोष्टी आल्या. एक मी, दुसरे हे टायर. पत्र्याच्या पलीकडून पायगुण माझा काढलात. आता अलीकडे या आणि टायरांचा काढा!"