कमानी बुजवताना

"खांबात खाच पाडली नाही, तर भिंत कशाच्या आधाराने उभी राहील, उस्ताद?"

जिलबर्टच्या हातात छिन्नी होती. खांबावर त्याने कोळशाने रेघाही मारून ठेवल्या होत्या.

उस्ताद हॅमो चुना कालवत राहिले.

इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं हे जुनं चर्च. आजोबा-पणजोबांच्या काळी गाव वाढलं, तेव्हा लोकांनी चर्चची उत्तरेकडची भिंत फोडली, तिथे खांब आणि कमानी उभ्या केल्या आणि पलीकडे एक नवं दालन जोडलं. पुढे महामारी आली. त्या दालनात प्रार्थनेला उभी राहणारी माणसं आता बाहेर आवारात, मातीखाली होती. छप्पर गळत होतं आणि ते शाकारायला हात उरले नव्हते. मागे राहिलेल्यांनी ठरवलं, दालन उतरवायचं आणि कमानी दगडांनी बुजवून टाकायच्या.

काम हॅमोंकडे आलं. हाताखाली जिलबर्ट. तो शहरातल्या मोठ्या कॅथेड्रलवर गवंडीकाम शिकत होता. महामारीत ते काम थांबलं आणि तो या खेड्यात येऊन पडला. आता तिकडे पुन्हा काम सुरू होणार होतं. तिथला मुकादम थर्स्टन चांगले गवंडी शोधत गावोगाव फिरत होता. इकडेही येणार होता. त्याला दाखवायला जिलबर्टला एक भिंत हवी होती.

"नुसती टेकव," हॅमो म्हणाले.

"काय?"

"भिंत. दोन्हीकडच्या खांबांना नुसती टेकव. आणि चुना हलका ठेव."

जिलबर्ट हसला. "याला आमच्याकडे भिंत नाही म्हणत, उस्ताद. कुंपण म्हणतात."

"बरं. कुंपण घाल."

"थर्स्टनने हे पाहिलं, तर तो मला दारातसुद्धा उभं करणार नाही!"

"नाही करणार कदाचित."

गावातली माबेल वाळूची पाटी घेऊन आत आली होती. तिच्या घरात ती एकटीच उरली होती.

"तुमचं भांडण मिटेपर्यंत थंडी काही थांबायची नाही," ती म्हणाली. "पक्कं बुजवून टाका एकदाचं. ती रिकामी जागा बघवत नाही मला."

"ऐकलंत?" जिलबर्ट म्हणाला. त्याने छिन्नी रेघेवर धरली आणि हातोडा उचलला.

हॅमो उठले. छिन्नी हलकेच बाजूला सारून त्यांनी त्या जागी आपला तळहात ठेवला.

"मार."

"उस्ताद, हात काढा..."

"हाताची जखम भरून येईल. खांबाची नाही येणार. मार."

हातोडा वरच राहिला...

माबेलने पाटी खाली ठेवली.

जिलबर्टने हातोडा टाकला. कोळशाच्या रेघा बाहीने पुसल्या.

भिंत त्याने रागारागाने बांधली, पण वाकडी बांधली नाही. थर एका पातळीत, दगडाला दगड नीट बसलेला. खांबापाशी मात्र नख जाईल एवढी फट, आणि तिच्यात मऊ चुना.

थर्स्टन आला तेव्हा मधली कमान नुकतीच बुजली होती. आडव्या अंगाचा माणूस, बोलणंही तसंच मोठं. आल्या आल्या त्याने भिंतीला खांदा लावून रेटा दिला. वरचा एक दगड हलला.

"अरे हॅमो, म्हातारचळ लागला की काय तुला? शेळीचं पिल्लू धडकलं तरी पडेल ही! बांधली कोणी?"

हॅमो खाली वाकून चुना कालवू लागले.

जिलबर्टने त्यांच्याकडे पाहिलं. उस्तादांनी सांगितलं म्हणून बांधली, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"मी बांधली," तो म्हणाला.

"तू? कॅथेड्रलवर हेच शिकलास?"

"नाही. हे तिथे नाही शिकलो."

"आणि पडली तर?"

"पडू दे. खांब उभे राहतील. कमान उभी राहील."

थर्स्टन खांबाजवळ गेला आणि हात पोहोचेल तिथपासून खाली पायापर्यंत त्याने बोटं फिरवली. खाच नव्हती. साधा ओरखडाही नव्हता. मग तो दुसऱ्या खांबाकडे गेला.

बाहेर माबेल कोणाच्या तरी कोंबड्या हाकलत होती.

"हॅमो," थर्स्टन या वेळी हळू बोलला. "हा मुलगा मला दे."

हॅमोंनी हाताचा चुना झटकला.

"ने... पण इथे माणसं मावेनाशी झाली, की ही भिंत काढायला परत पाठव."