डुकरिणीचा पट्टा

“पट्टा माझ्या गवतातून जायचा नाही, सांगून ठेवतो,” ससा म्हणाला.

“मग काय माझ्या बिळावरून नेता?” घोरपड फिस्कारली.

प्राणी माणसांइतकेच भांडायचे, त्या काळची ही गोष्ट. टेकडीवर वीज पडून गवत पेटलं होतं आणि वणवा माळाकडे उतरत होता. गवत उपटून मातीचा रुंद पट्टा काढला तरच तो अडेल, हे सगळ्यांना पटलं होतं. फक्त पट्टा दुसऱ्याच्या दारातून जावा, एवढंच ज्याचं त्याचं म्हणणं होतं.

म्हातारी रानडुकरीण कधीच उकरायला लागली होती. जिथे तिने पिल्लं वाढवली ती गवताची गादी तिने आधी उधळली. जीव तुटला, पण मुसकट थांबलं नाही.

संध्याकाळी वणवा उकरलेल्या मातीपाशी आला, घुटमळला आणि विझला. माळभर नाच झाला. भांडण मात्र दुपारीच मिटलं होतं, डुकरिणीच्या एका वाक्याने. ससा अजून त्याची नक्कल करतो आणि हसून गडाबडा लोळतो. धुळीने माखलेली ती त्याच्यापुढे येऊन म्हणाली होती, “माझं घर उकरून तुझ्या दारापर्यंत आलेय, ससोबा, आता नखं चालवतोस, की मातीबरोबर तुलाही उकरू?”