धनेशाच्या गळ्यातली उंबरे

ओढ्याकाठच्या एका रानात धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. धनेशांची रीत मोठी न्यारी. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलाने दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. पिल्ले मोठी होईपर्यंत नराने फळे गळ्यात साठवून आणायची आणि फटीतून एकेक भरवायची.

आपल्या या धनेशाने दार लिंपतानाच ऐट मिरवली, "अगं, तू निर्धास्त राहा. तुम्हां सगळ्यांचं पोट भरल्याशिवाय मी एकही उंबर खाणार नाही. माझं मन म्हणजे काळा कातळ!" पण उंबरे होती गळ्यातच. एक आवंढा गिळला की थेट पोटात! उपाशी धनेश वाटेत सावरीच्या झाडावर टेकायचा आणि उंबरे नीट आहेत ना, म्हणून गळा हलवून बघायचा. तेवढ्यात एक गडप, मग दुसरे. दहा निघाली की घरी तीन पोचत. "यंदा उंबर फळलंच नाही गं," तो फटीशी सांगे. शेजारचे माकड खो खो हसे, "कातळ विरघळला वाटतं!"

ढोलीत तीन पिल्ले झाली. एके दिवशी फटीशी दोनच चोची आल्या. "धाकट्याला मान उचलवत नाही हो," मादी आतून म्हणाली. धनेशाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "अगं, उंबर फळलंय. मीच गिळत होतो," त्याने कबूल केले. मात्र या वेळी त्याने नवी शपथ घेतली नाही. तो विचार करू लागला, 'मी घसरतो कधी? उपाशी असलो की. आणि कुठे? सावरीवर.'

दुसऱ्या दिवशी त्याने आधी स्वतः पोटभर उंबरे खाल्ली, मगच गळा भरला. सावरीची वाट सोडून तो ओढ्यावरून उडाला. तिकडून घराची फट लांबूनच दिसे, आणि ती दिसली की पंखांना जोर येई. दहाच्या दहा उंबरे पोचली. पुढच्या खेपेलाही दहा. चौथ्या दिवशी तिसरी चोच फटीत आली आणि सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडली.

यथावकाश दार फोडून सगळी बाहेर आली. माकडाने विचारले, "काय रे, झालं का मन कातळाचं?"

"छे! मन आहे तसंच आहे, मेणाचं," धनेश म्हणाला. "फक्त आता मी ते उन्हात नेत नाही."

तात्पर्य : मन घट्ट असल्याची बढाई मारू नये; ते केव्हा आणि कुठे घसरते हे ओळखून आधीच तजवीज करावी.