कापसाच्या भिंती

त्या राज्याला आभाळ नव्हतं. वर राजाच होता. तांब्याच्या उभ्या नळकांड्यात वाऱ्यांची रयत राहत होती आणि तिच्या डोक्यावर दट्ट्या राजा फट न ठेवता बसला होता. मर्जी झाली की तो खाली येई, आणि रयतेनं आहे त्या जागेत अंग चोरून उभं राहायचं.

जुन्या राजाच्या वेळी हे सोसवत असे. तो सावकाश उतरायचा. दाबाखाली तापलेली माणसं तांब्याच्या भिंतीला पाठ टेकायची, आणि अंगातली धग भिंतीतून बाहेर जायची. आत काय चाललंय ते बाहेरच्यांनाही कळायचं. भांडण झालं तरी पाठ टेकायची, मूल दगावलं तरी पाठ टेकायची. तोच तिथला रिवाज होता.

दट्ट्यानं तो मोडला. भिंतींना आतून कापसाच्या जाड गाद्या ठोकल्या. दरबारी म्हणाले, रयतेला लागू नये म्हणून. खोटं. आतली धग बाहेर कळू नये म्हणून.

मग तो झपाट्यानं उतरू लागला. रयत तापायची आणि तापलेलीच राहायची. त्याला वर जायचं झालं की नगारा वाजायचा आणि त्याच रयतेनं खांदे लावून त्याला उचलायचं. अंगात होती नव्हती ती ऊब उचलण्यात संपायची. जागा मिळायची, पण माणसं काकडत बसायची.

"मोकळीक दिली तरी यांची तोंडं थंडच," राजा म्हणायचा.

भिरकोबा नावाच्या म्हाताऱ्या वाऱ्यानं जन्मभर हे ओझं उचललं आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्याची लेक वावटी मात्र फटकळ होती.

एकदा राजा नेहमीपेक्षा खाली आला आणि त्याच्या तळव्यांना चटका बसला. राज्यात कुणीतरी आग आणलीय, अशी त्यानं दवंडी पिटवली. कोतवाल काडेपेटी शोधू लागला. त्यानं म्हाताऱ्यांच्या कमरा चाचपल्या, पोरांच्या मुठी उघडल्या. काडी काही मिळेना, तेव्हा त्यानं वावटीला धरलं. तिचं अंग सगळ्यांत जास्त तापलं होतं, एवढाच पुरावा.

तिला तळाच्या भोकात कोंबून वर कायमचं बूच मारायचं ठरलं. पण राजाला साक्ष हवी होती. आग लेकीनं आणली असं बापानं आपल्या तोंडानं सांगावं, म्हणजे राजा लगेच वर सरकेल. सगळ्यांना श्वास घेता येईल.

शेजारपाजारचे भिरकोबाकडे बघू लागले. "एका पोरीपायी आम्ही किती भाजायचं, बाबा?" एकजण पुटपुटला.

वावटी बापाला म्हणाली, "आबा, खरं ते सांगून टाका. साक्ष दिलीत तरी यांना उद्या परत दाबणारच आहे तो."

भिरकोबानं वर बघितलं. असं बघायची तिथे चाल नव्हती.

"काडी कुणी आणली नाही," तो म्हणाला. "पोरीला तू तापवलंस. मलाही तूच. हात लावून बघ. आणि आजपासून नगारा फुटला तरी माझा खांदा मिळायचा नाही."

राजाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो सगळं वजन टाकून एका दमात खाली आला, इतका खाली की माणसामाणसांत फट उरली नाही.

कुणी काही पेटवलं नाही. गादीचा एक कोपरा आधी काळा पडला, मग लाल झाला. मग चारी बाजूंनी कापूस भडकला.

आजवर रयतेनं राजाला खांद्यावर घेऊन वर नेलं होतं. या खेपेला तिनं त्याला भिरकावलं. तो वर काठाला जाऊन तिरका अडकला. आत एकदम जागा झाली आणि रयत निवत गेली. गाद्या उरल्या नव्हत्या. वावटीनं उघड्या तांब्याला पाठ टेकली. भिरकोबा तिच्या शेजारी टेकला. बाहेर कुणीतरी भिंतीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

वरून राजा ओरडत होता, राख नीट चाळा, काडी असणारच. कोतवाल गुडघ्यांवर बसून राख चाळत होता.