न उतरलेला घाट

घाटमाथ्यावरच्या एका गावात चंद्रहास नावाचा एक सायकलवेडा राहत होता. लांबच्या प्रवासाचे मार्ग आखावेत ते त्यानेच. कुठला चढ दम काढतो, पाणी कुठे मिळतं, कोणत्या देवळात पथारी टाकता येते, हे तो स्वतः फिरून पाही आणि नकाशात टिपून गावच्या सायकल मंडळाला पाठवी. लोक डोळे मिटून त्याच्या रेघेवरून जात.

एका हिवाळ्यात तो समुद्राकडे निघाला. जंगलातल्या जुन्या घाटाने उतरायचं ठरलं होतं. पण घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत गुडघ्याने दगा दिला. त्याने सायकल एका टेम्पोत टाकली आणि मोठ्या रस्त्याने खाली गेला. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण घरी आल्यावर सांगायला जीभ रेटेना. नकाशात त्याने जुन्या घाटावरूनच रेघ ओढली आणि लिहिलं, 'सुंदर उतार.' मंडळाने वाहवा केली.

पुढच्या वर्षी त्याचा जिवलग मित्र नीलकंठ त्याच मार्गाने निघाला. मंडळाच्या बैठकीत त्याने विचारलं, "चंदू, रस्ता कुठे खचलेला नाही ना? वेग धरला तर चालेल?"

खरं चंद्रहासच्या ओठांवर आलं होतं. पण सगळी मंडळी कौतुकाने त्याच्याकडे बघत होती.

"अरे, लोण्यासारखा रस्ता आहे," तो म्हणाला. "बिनधास्त सोड."

नीलकंठने बिनधास्त सोडली. एका वळणापलीकडे रस्ताच नव्हता. खालच्या वाडीतल्या लोकांनी त्याला झोळीतून आणलं. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग कायमचं गेलं.

चंद्रहास दवाखान्यात गेला, तर नीलकंठच त्याची समजूत घालू लागला. "मनाला लावून घेऊ नकोस. तू गेलास तेव्हा रस्ता धड असणार. नंतर खचला असेल."

उशाशी नीलकंठची बायको शालन बसली होती. ती हळूच म्हणाली, "वाडीतली माणसं सांगत होती, रस्ता खचून कितीतरी पावसाळे झाले. मग भावजी, तुम्ही कसे उतरलात?"

चंद्रहासची मान खाली गेली. नीलकंठने भिंतीकडे तोंड वळवलं. त्यानंतर तो मित्राशी कधीच बोलला नाही.

चंद्रहासने मंडळासमोर सगळं कबूल केलं, नकाशा काढून टाकला. पण तोवर त्या नकाशाच्या नकला कुठल्या कुठल्या गावी पोचल्या होत्या. अनोळखी माणसांचे आभाराचे निरोप येत, आणि प्रत्येकाला तो 'त्या वाटेने जाऊ नका' असं उलट कळवी.

पुढे त्याने एक नवा मार्ग आखला. एकेक वळण स्वतः पायी जाऊन पाहिलं, मगच मंडळाला पाठवलं. या वेळी कोणी वाहवा केली नाही. संध्याकाळी एकाने निरोप पाठवून विचारलं, "या वाटेने खरंच कोणी गेलंय का?"

चंद्रहासने उत्तरात 'मी' असं लिहिलं. मग पुसून टाकलं.

तात्पर्य: आपण न चाललेली वाट दुसऱ्याला सोपी म्हणून सांगू नये. आपली बढाई दुसऱ्याच्या जिवावर बेतते, आणि मग आपलं खरंही कोणी खरं मानत नाही.